सोडून दिलेला मासा



ही पुस्तिका तुम्ही बहुधा दिवसभराचे काम आटोपल्यावर उघडत असाल. माझीही पदवी अशीच झाली. चाकणच्या कारखान्यातील दुसरी पाळी संपवून खोलीवर यायचे आणि सोबती झोपलेले असताना स्वयंपाकघराच्या दिव्याखाली बसून वाचायचे, हा माझा तीन वर्षांचा क्रम होता. ‘जीवनातील एखादा अनुभव प्रांजळपणे लिहा’ असा स्वाध्याय आला, की मी हटकून असा अनुभव निवडत असे, ज्यात माझी बाजू उजळ दिसेल. गुण बरे मिळत. आज तुमच्यापुढे जो अनुभव ठेवत आहे, तो त्या स्वाध्यायात मी कधीच लिहिला नसता.

मी भंडारा जिल्ह्यातील एका ढिवर कुटुंबात जन्मलो. पूर्व विदर्भात गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आणि बोड्या आहेत. 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि लोक त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा थोडक्यात ‘मामा तलाव’ म्हणू लागले. अशाच एका तलावावर माझे वडील डोंगा घालत, जाळे टाकत. आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून झिंगे धरी. मासा म्हणजे आमच्या घरचे मीठ-मिरची, माझी शाळेची फी आणि बहिणीच्या लग्नाचे कर्ज.

पावसाळ्यात तलावाच्या कडेच्या गवताजवळ, पाण्याच्या पृष्ठभागावर, तांबूस ठिपक्यांचा एक घोळका हलताना दिसे. ती मरळीची पिल्ले. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. पिल्ले श्वास घ्यायला वर येतात आणि त्यांच्या खाली, अंधाऱ्या पाण्यात, आईबाप फिरत असतात. अशा जागी बेडकी लावलेला गळ टाकला तर मोठी मरळ हमखास लागते. भूक नसली तरी ती आमिषावर तुटून पडते, कारण तिला ते पिल्लांवर आलेले संकट वाटते. बाबा तिथे गळ टाकत नसत. “राखनीवर हाय तो,” एवढेच म्हणत आणि डोंगा दुसरीकडे वळवत. ज्या दिवशी जाळ्यात काही नसे, त्या दिवशीही वळवत. हे त्यांनी मला कधी शिकवले नाही. मी डोंग्यात बसून पाहिले, इतकेच.

2024 मध्ये नोकरीनिमित्त मी ब्राझीलमधील मनाउस शहरी गेलो. ॲमेझॉनच्या जंगलाच्या मधोमध असलेल्या या शहरात करसवलतीचे औद्योगिक क्षेत्र आहे आणि ब्राझीलमधील बहुतेक दुचाकी तेथेच तयार होतात. आम्हां काही जणांना जोडणी विभागातील कामगारांना प्रशिक्षण देण्यासाठी तिकडे पाठवले होते. शहर नेग्रो नदीच्या काठी आहे. ‘रिओ नेग्रो’ म्हणजे काळी नदी. शहराच्या थोडे खाली ती गढूळ, पिवळसर सोलिमोइंस नदीला मिळते आणि दोन्ही पाणी न मिसळता सुमारे सहा किलोमीटर शेजारी शेजारी वाहत जातात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मनाउसच्या बंदरावरील नदीची पातळी 1902 पासूनच्या नोंदींतील सर्वांत खाली गेली. जिथे बोटी तरंगायच्या तिथे वाळूत रुतलेल्या बोटी मी पाहिल्या.

नाताळानंतर कारखान्याला सामूहिक रजा असते. त्या रजेत काही वरिष्ठ सहकाऱ्यांनी नदीच्या वरच्या अंगाला, बार्सेलोस गावाच्या परिसरात, आठवडाभराची मासेमारीची सहल ठरवली होती. अशा सहलींसाठी जगभरातून लोक येतात आणि त्यासाठी काही हजार डॉलर मोजतात. आमच्यातील एक जण आजारी पडला. त्याचे पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून त्याने आपली जागा मला देऊ केली. “तू तर कोळ्याचा मुलगा. तुला शिकवावे लागणार नाही,” असे तो हसत म्हणाला. हे ऐकून मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. ज्या ओळखीमुळे शाळेत मान खाली घालावी लागे, तिच्यामुळे इथे मान मिळत होता.

मनाउसहून बार्सेलोस सुमारे चारशे किलोमीटरवर आहे. बहुतेक पाहुणे छोट्या विमानाने जातात. 16 सप्टेंबर 2023 रोजी असेच एक विमान मुसळधार पावसात बार्सेलोसला उतरताना कोसळले आणि त्यातील चौदाही जण दगावले. प्रवासी सारे मासेमारीच्या सहलीला निघालेले होते. आम्ही उतरलो तेव्हा आकाश निरभ्र होते, तरी धावपट्टीला चाके टेकेपर्यंत कोणी बोलले नाही.

तिथून पुढे एक दुमजली लाकडी बोट हेच आमचे घर झाले. पहाटे तिच्या कडेला ॲल्युमिनियमच्या छोट्या नावा लागत. प्रत्येक नावेत दोन पाहुणे आणि एक वाटाड्या. दिवसभर नदीच्या फाट्यांतून, बेटांच्या मागच्या तळ्यांतून फिरायचे आणि अंधार पडण्यापूर्वी परतायचे. या भागात नदीच्या पात्रात हजाराहून अधिक बेटे आहेत. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे. काठच्या वाळूमय जंगलात सडणाऱ्या पानांचा अर्क त्यात उतरलेला असतो. ते आम्लधर्मी आहे आणि त्यात पोषणद्रव्ये फार कमी, म्हणून डासही फारसे वाढत नाहीत. पावसाळ्यात नदी कित्येक मीटर चढते, जंगलात शिरते आणि मासे झाडांच्या बुंध्यांमधून पोहत पडलेली फळे व किडे खातात. कोरड्या दिवसांत पाणी ओसरले की तेच मासे तळ्यांत आणि अरुंद फाट्यांत कोंडले जातात. गळ टाकणाऱ्यांचा हंगाम तोच.

ज्या माशासाठी हा सारा खटाटोप, त्याचे तिकडचे नाव ‘तुकुनारे’. इंग्रजीत त्याला मोराचे नाव आहे. त्याच्या शेपटीवर सोनेरी कडा असलेला काळा डोळा असतो. मोरपिसावरचा असतो तसा. या नदीतील सर्वांत मोठ्या जातीचा विक्रम 2010 चा आहे, 13.19 किलोचा. या जातीचे दोन वेश आहेत. एरवी तो काळपट असतो आणि अंगावर फिकट ठिपक्यांच्या ओळी असतात. विणीच्या काळात ठिपके मावळतात, अंग सोनेरी-हिरवे होते, त्यावर तीन काळे पट्टे उठतात आणि नराच्या कपाळावर उंचवटा येतो. स्थानिक लोक या दोन वेशांना दोन वेगळी नावे देतात, आणि बराच काळ अनेकांना या दोन निराळ्या जातीच वाटत होत्या.

या मासेमारीचा नियम एकच : पकडायचे आणि सोडायचे. गळाच्या टोकाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकलेला असतो, म्हणजे तोंडातून तो सहज निघावा. मासा वजन करून, छायाचित्र काढून, पाण्यात परत द्यायचा. मला पहिले दोन दिवस हे जमेना. लाकडी, रंगीत, शेपटाशी पंखा असलेले आमिष जोराने फेकायचे आणि पाणी फाडत ओढत आणायचे, यात दुपारपर्यंत खांदे भरून येत. मासा आला की हात आपोआप टोपली शोधत.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा होता. या नदीकाठच्या बारे या आदिवासी समाजातला. माझे तोडकेमोडके पोर्तुगीज आणि त्याचे सावकाश बोलणे, यांवर आमचे चाले. त्याचे वडील शोभेचे मासे धरणारे होते. निळ्या-लाल पट्ट्याचा, बोटाच्या पेराएवढा कार्डिनल टेट्रा तुम्ही एखाद्या दवाखान्याच्या काचेच्या टाकीत पाहिला असेल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरच्या टाक्यांत जाणारे कोट्यवधी टेट्रा याच बार्सेलोसच्या परिसरातून, छोट्या होड्यांतून आणि हातजाळ्यांतून, जात असत. पुढे हे मासे इतर देशांत टाक्यांतच पैदा होऊ लागले आणि इथला धंदा ओसरला. “वडील लहान मासा धरून पाठवत. मी मोठा मासा धरून सोडतो,” तो म्हणाला. मी माझ्या वडिलांविषयी सांगितले. त्यानंतर तो माझ्याशी पाहुण्यासारखे थोडे कमी बोलू लागला.

पाचव्या दिवसापर्यंत माझ्या हाती तीन किलोच्या वरचा मासा लागला नव्हता. रात्री जेवताना प्रत्येक नावेचे आकडे वाचले जात. “कोळ्याचा मुलगा काय म्हणतो?” हा प्रश्न रोज येई आणि रोज हशा पिकत असे. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही एका बंदिस्त तळ्यात शिरलो. माझा जोडीदार उन्हाने थकून टोपी तोंडावर घेऊन पडला होता. वाटाड्याने वल्हे थांबवले आणि काही न बोलता हनुवटीने समोर दाखवले.

एका पडलेल्या झाडाजवळ पाणी पावसाचे बारीक थेंब पडावेत तसे थरथरत होते. आकाशात ढग नव्हता. मी ते तत्काळ ओळखले. हजारो मैल दूर, वेगळे पाणी आणि वेगळा मासा. पण पिल्लांचा घोळका मला कोणी ओळखवून द्यायला नको होता.

वाटाड्या म्हणाला, “बाप आहे खाली. मोठा आहे. टाकायचा?”

मित्रहो, या प्रश्नापाशी मी तुम्हांला थांबवतो, कारण त्या वेळी मी थांबलो नाही. कित्येक वाटाडे असा घोळका मुद्दाम शोधतात, कारण राखणीवरचा मासा आमिष चुकवत नाही. आमच्या वाटाड्याने मला विचारले तरी. त्याची बक्षिसी माझ्या समाधानावर अवलंबून होती. ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आमच्या दोघांत फक्त मला होती. मी डोंग्यातले दिवस विसरलो होतो असे म्हणता आले असते तर सोपे झाले असते. मला सारे आठवत होते. मनात मी एक युक्तिवादही तयार केला : बाबा मासा मारण्यासाठी धरत, मी तर सोडणार आहे. मग काय बिघडते?

मी आमिष टाकले. ते दोन हात ओढेपर्यंत पाणी फुटले. सात किलोचा नर होता. तीन काळे पट्टे, कपाळावर उंचवटा, लाल डोळे. वाटाड्याने त्याला अलगद वर घेतले, गळ काढला, माझ्या हातांत दिला आणि छायाचित्र काढले. “लवकर,” तो म्हणाला. छायाचित्रात माझे डोळे मिटलेले आले होते. मी आणखी एक काढायला सांगितले. त्याने काढले.

तेवढ्यात घोळक्याच्या जागी पाणी निराळ्या तऱ्हेने हलू लागले. लहान लहान, तुटक उसळ्या. दुसरे मासे पिल्लांवर आले होते. वाटाड्याने मासा माझ्या हातांतून जवळजवळ ओढूनच घेतला, नाव वल्हवून अगदी त्याच झाडापाशी नेली आणि त्याला पाण्यात धरून ठेवले. दमलेला मासा एकदम सोडता येत नाही. त्याचे कल्ले पुन्हा नीट चालू लागेपर्यंत त्याला आधार द्यावा लागतो. इतक्यात तळ्याच्या तोंडाशी एक गुलाबी पाठ वर आली. नदीतील डॉल्फिन. दमून सुटलेला मासा म्हणजे सोपा घास, हे ते नावांच्या मागे राहून शिकले आहेत. वाटाड्याने वल्ह्याने नावेच्या पत्र्यावर जोरजोराने ठोकायला सुरुवात केली. माझा जोडीदार दचकून उठला. पाठ दिसेनाशी झाली. मग मासाही त्याच्या हातांतून खाली गेला.

पुढच्या जागी जाऊ या, असे जोडीदार म्हणाला. वाटाड्या नाव हलवीना. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. शेवटी झाडाच्या पलीकडच्या बाजूला पाण्यावर पुन्हा थरथर दिसली. ती आधीपेक्षा बरीच लहान होती. “तोच आहे खाली,” वाटाड्या म्हणाला. तो खरेच तसे पाहत होता की पाहुण्याची समजूत घालत होता, हे मी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखू शकलो नाही. त्या रात्री जेवताना माझा आकडा सर्वांत मोठा होता.

मनाउसला परतल्यावर बाबांना दूरध्वनी केला. सात किलोचा मासा धरला, हे ऐकून ते खूश झाले. कसा रांधला, असे त्यांनी विचारले. सोडून दिला, असे मी म्हणालो. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही.

“सोडून देलास? मंग धरलास कायले?”

पिल्लांविषयी मी त्यांना काही सांगितले नाही.

हा प्रश्न मी सहलीतही, निराळ्या शब्दांत, वाटाड्याला विचारला होता. त्याचे उत्तर हिशेबी होते. खाल्लेला मासा घराला एक दिवस पोसतो. सोडलेला मासा पुढच्या पाहुण्यालाही घेऊन येतो. त्याच्या उत्तरात तथ्य आहे. नीट हाताळून सोडलेले बहुसंख्य तुकुनारे जगतात, असे अभ्यास सांगतात. नेग्रोची उपनदी असलेल्या मारिएच्या काठी आदिवासी गावांनी ठरवून अशा सहलींना परवानगी दिली आहे. पाहुण्यांची संख्या मर्यादित असते, उत्पन्नाचा वाटा गावांना मिळतो आणि नदीवर पहारा राहतो. पण त्याच खोऱ्यात अशीही तळी आहेत, जिथे पाहुण्यांच्या नावा न विचारता शिरतात आणि ज्यांचे जेवण त्या तळ्यातून येते त्यांना काठावर उभे राहून पाहावे लागते. आपल्याला मिळालेला आनंद कोणाच्या तळ्यातून आला, हे पाहुण्याला सहसा दिसत नाही. सोडून दिलेल्या माशाने त्याची सदसद्विवेकबुद्धी शांत झालेली असते.

‘सोडणे’ या शब्दाला आपल्याकडे फार पुण्य चिकटले आहे, म्हणून आपल्या देशातील एक उदाहरण सांगतो. कर्नाटकात कावेरीच्या काठी खेळासाठी महसीर मासा पकडून सोडण्याची शिबिरे होती. तिथला मूळचा महसीर पाठीवर उंचवटा असलेला, अजस्र. जगात फक्त त्याच खोऱ्यात आढळणारा. महसीर वाढावेत या चांगल्या हेतूने कावेरीत दुसऱ्या जातीच्या महसीरची बोटुकली सोडण्यात आली. ती आपल्या लोणावळ्याच्या संवर्धन केंद्रात तयार झालेली होती. ती फोफावली आणि मूळचा मासा दिसेनासा होत गेला. हे कळले कसे? गालिबोरे येथील शिबिरात गळवाल्यांनी वर्षानुवर्षे रोजच्या माशांची वही ठेवली होती. तिच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा हा बदल आकड्यांत दिसला. मूळच्या कावेरी महसीरची नोंद 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. बोटुकली सोडणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पाण्यात सोडल्यानंतर त्यांचे काय होते, हे पाहत राहण्याचे काम मात्र त्या वहीने केले.

त्या पावसाळ्यात मी गावी आलो. बाबा आता जाळे टाकत नाहीत. गुडघे साथ देत नाहीत. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसतात. तिथे मी त्यांना सारे सांगितले : घोळका, वाटाड्याचा प्रश्न, दुसरे छायाचित्र, उसळ्या. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि विचारले, “तो मानूस मंग किती बसला तेथी?”

“अर्धा तास.”

“आन तू?”

मी नावेतच होतो, असे म्हणालो. उत्तर खरे होते, पण त्यांनी विचारले होते त्याचे ते उत्तर नव्हते. मी त्या अर्ध्या तासात रात्रीच्या आकड्यांचा विचार करत होतो, हे आम्हां दोघांनाही कळले.

मित्रहो, भुकेसाठी मासा मारणारा चांगला आणि खेळासाठी धरणारा वाईट, असा निष्कर्ष या अनुभवातून काढावा अशी माझी इच्छा नाही. माझ्या वडिलांनी हजारो मासे मारले. त्या वाटाड्याने हजारो सोडले असतील. दोघांनाही पाण्याखाली कोण राखणीवर आहे हे ठाऊक होते आणि ते दोघेही त्याप्रमाणे वागण्याचा प्रयत्न करत होते, एक अधिक मोकळेपणाने आणि दुसरा पाहुण्यांच्या मर्जीत राहून. मला दोघांइतकेच ठाऊक होते आणि मला कसलीही अडचण नव्हती. माझ्या घरी त्या दिवशी चूल थांबलेली नव्हती.

ती दोन्ही छायाचित्रे माझ्याजवळ आहेत. पहिल्यात माझे डोळे मिटलेले आहेत. दुसरे चांगले आले आहे. सहकाऱ्यांनी त्याची मोठी प्रत काढून मला भेट दिली. ते वाटाड्याने माझ्याच भ्रमणध्वनीवर घाईने काढले होते, त्यामुळे चौकटीच्या कडेला नावेच्या मागचे थोडे पाणीही आले आहे. बरेच दिवस मी त्यात फक्त मासा आणि स्वतःला पाहत होतो. आता मोठ्या प्रतीत त्या पाण्यावरच्या पहिल्या उसळ्या स्पष्ट दिसतात. मी हसतो आहे आणि त्या माझ्या खांद्यामागे सुरू झालेल्या आहेत.